जुन्या टर्नटेबलची काळी वायर नेमकी कुठे जोडायची?

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी पहिलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, उचललं, तेव्हा विकणाऱ्याने ते गोणपाटात गुंडाळून दिलं होतं. जर्मन बनावटीचं, हाताला जड, पत्र्याचा रंग कडेला उडालेला. मागून दोनच केबली बाहेर आलेल्या: एक मेनची, म्हणजे घरातल्या विजेची, आणि दुसरीला कोणीतरी नंतर बसवलेल्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना. घरी आणून ॲम्पला जोडलं, आवाज चढवला आणि स्पीकरमधून पिठाची गिरणी सुरू झाली. घूंऽऽऽ. सुई अजून रेकॉर्डला टेकलीही नव्हती. सहज टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताच्या, दांडीला बोट लागलं, तर घूं अर्ध्याहून कमी झाली. बोट काढलं, गिरणी पुन्हा चालू.

शेजारच्या इलेक्ट्रिशियनकाकांनी निदान केलं, "अर्थिंग नाहीये. पत्र्यापासून एक वायर काढा आणि थ्री-पिनच्या जाड पिनेला जोडून टाका." मी तसं केलं. घूं वाढली.

काकांचं अर्धं बरोबर होतं. पत्र्याला आणि टोनआर्मला जमीन मिळत नव्हती हे खरंच, पण ती कुठली जमीन यात आम्ही दोघं चुकलो. नवीन माणूस बहुतेक वेळा इथेच चुकतो, म्हणून सुरुवात इथूनच.

अर्थ शब्द एक, कामं दोन

घरातलं अर्थिंग जिवाच्या रक्षणासाठी असतं. फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तुमच्या अंगातून न जाता जाड पिनेतून जमिनीत जावा आणि एमसीबी पडावा, एवढंच त्याचं काम. टर्नटेबलची बारीक काळी किंवा हिरवी वायर मात्र जमिनीपर्यंत जातच नाही. ती ॲम्पच्या मागे, फोनो इनपुटशेजारच्या (टर्नटेबल जोडायची जागा) जीएनडी, म्हणजे ग्राउंड, लिहिलेल्या स्क्रूपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. टोनआर्मची नळी, मोटरचा सांगाडा, पत्रा हे सगळे धातूचे भाग हवेतली मेनची घूं ॲन्टेनासारखी गोळा करत असतात. त्या सगळ्यांना ॲम्पच्या शून्याशी बांधून ठेवायचं, म्हणजे ती घूं सिग्नलमध्ये न शिरता परस्पर निघून जाते. माझं बोट तेच काम अर्धंमुर्धं करत होतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक धातूला ॲम्पच्या शून्यापर्यंत जायला एक रस्ता हवा आणि तो एकच हवा. रस्ता नसेल तर घूं येते. दोन रस्ते असतील तरीही येते, कारण दोन वायरींचा मिळून एक वळसा तयार होतो आणि आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र त्या वळशात करंट फिरवतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. थ्री-पिनला जोडून मी नेमका असा दुसरा रस्ता काढला होता: पत्र्यापासून भिंतीतल्या अर्थमधून, ॲम्पच्या थ्री-पिनवरून पुन्हा ॲम्पमध्ये.

म्हणून ही काळी वायर थ्री-पिनच्या जाड पिनेला, नळाच्या पाइपला, खिडकीच्या गजाला असं कुठेही जोडू नका. आणि याच्या उलटही कधी करू नका. घूं घालवायला ॲम्पच्या थ्री-पिन प्लगची अर्थ पिन मोडणारे, नाहीतर तिथे टू-पिन ॲडाप्टर लावणारे महाभाग भेटतात. घूं जाईलही, पण उद्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाला तर त्याचा पत्रा २३० व्होल्टवर असेल आणि टोनआर्म तुमच्या हातात.

एवढीशी घूं एवढी मोठी का ऐकू येते

सीडी प्लेयर साधारण २ व्होल्ट सिग्नल देतो. सुईच्या थरथरीचा सिग्नल बनवतं ते कार्ट्रिज. त्यातलं मूव्हिंग मॅग्नेट जातीचं, म्हणजे बहुतेक जुन्या डेकवर (टर्नटेबलवर) असतं तेच, जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. भिंतीतल्या वायरमध्ये २३० व्होल्ट असतात, म्हणजे त्याच्या सेहेचाळीस हजार पट किंवा त्याहून जास्त. हा चिमुकला सिग्नल फोनो इनपुटमागची फोनो स्टेज साधारण शंभर पटींनी वाढवते. पण तो आकडा मधल्या सुरांसाठीचा. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबून कापलेले असतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसल्या असत्या. वाजवताना ते उचलून घ्यावे लागतात. १९५४ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आणि पुढे सर्वत्र रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार ५० हर्ट्झवर ही उचल मधल्या सुरांच्या तुलनेत सुमारे सात पट. आपल्या मेनची वारंवारताही नेमकी ५० हर्ट्झ. म्हणजे घूंला सातशे पट वाढवणारं यंत्र आपण हौसेने विकत घेतलेलं असतं.

म्हणूनच इतर इनपुटवर ज्या ढिलाईने काही बिघडत नाही, ती फोनोवर गिरणी होऊन बाहेर येते.

वायर शोधण्याआधी मेनचं बघा

डेक पन्नास वर्षं जुना असेल तर ही पायरी गाळायची नाही. प्लग भिंतीतून काढा. डेकचा स्विच चालू स्थितीत ठेवा, कारण स्विच बंद असेल तर मीटरला पुढचं काहीच दिसत नाही. मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर लावा, मग प्लगच्या दोन्ही वीजपिना एकेक करून पत्र्याशी आणि टोनआर्मशी मोजून बघा. मीटरने काहीच दाखवू नये. एक-दोन मेगओहम किंवा त्याहून कमी दिसलं तर तो डेक प्लगला लावू नका. मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन किंवा स्विचवरचा ठिणगी दाबणारा कपॅसिटर गेलेला असू शकतो. मीटरची ही तपासणी काही वोल्टांवर होते, मेनच्या दाबावर नाही. खात्री हवी तर मेगर (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारा मीटर) असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, पाच मिनिटांचं काम आहे.

डेक चालू असताना पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर लेख वाचणं थांबवा आणि प्लग काढा.

आणखी एक वेगळीच जात असते. पेटीत ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही असलेल्या काही जुन्या व्हॉल्व्हवाल्या प्लेयरांत आतली चासी थेट मेनच्या एका वायरला जोडलेली असे. त्यातून बाहेर कसलीही ग्राउंड वायर काढायची नाही आणि त्याला दुसरा ॲम्प जोडायच्या फंदातही पडायचं नाही.

तुमच्याकडे नेमकं काय आहे

डेकच्या मागून काय बाहेर येतं ते बघा. साधारण चार प्रकार भेटतात.

सर्वांत सोपा म्हणजे दोन आरसीए पिना आणि सोबत सुटी बारीक वायर, टोकाला यू आकाराचं थिंबल. सत्तरच्या दशकातले बहुतेक जपानी डेक असेच. १९७९ चा टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ सुद्धा. ही वायर ॲम्पच्या जीएनडी स्क्रूखाली घट्ट बसवायची. ॲम्प आणि डेक यांच्यामध्ये वेगळा फोनो प्रीॲम्प (फोनो स्टेजचा सुटा डबा) असेल तर वायर त्या प्रीॲम्पच्या स्क्रूला, ॲम्पला नाही. ज्या डब्यात सुईचा सिग्नल पहिल्यांदा शिरतो, तिथे.

दुसरा प्रकार आरसीए पिना आहेत पण वायरच नाही. इथे घाई करू नका. वायर तुटून हरवलेली असू शकते, किंवा ती कधी नव्हतीच. रेगाच्या टोनआर्ममध्ये नळीचं ग्राउंड डाव्या चॅनेलच्या केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीतूनच जातं, वेगळी वायर लागत नाही. अशा आर्मला आपण हौसेने दुसरी वायर जोडली की झालाच लूप. फरक मीटर सांगतो, ते पुढे.

तिसरा प्रकार जुन्या युरोपियन डेकवरचा पाच पिनांचा गोल डिन प्लग. ड्युअल, फिलिप्स यांच्या अनेक मॉडेलांवर हाच असे. यातल्या पिनांचे आकडे ओळीने नसतात, अर्धवर्तुळात १, ४, २, ५, ३ असे येतात. तीन नंबर म्हणजे डावा चॅनेल, पाच म्हणजे उजवा, आणि अगदी मधली दोन नंबरची पिन दोघांचं सामाईक ग्राउंड. पत्रा आणि आर्मही आतून त्याच पिनेला बांधलेले. त्यामुळे डिनवाल्या डेकला सुटी वायर नसणं हा दोष नाही. डिन-ते-आरसीए ॲडाप्टर लावून आधी ऐका. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं.

चौथ्या प्रकारात डेकवर क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. एचएमव्ही फिएस्टासारख्या आपल्याकडच्या घरगुती प्लेयरांमधून आजी-आजोबांनी नाट्यगीतं ऐकली ती याच जातीवर. याचा सिग्नल शेकडो मिलिव्होल्टांचा असतो, तो फोनो इनपुटला द्यायचाच नाही, ऑक्सला, म्हणजे साध्या इनपुटला, द्यायचा. ग्राउंडची कटकट यात तुलनेने फारच कमी.

आधी कान

मीटर हातात घेण्याआधी दहा मिनिटं कानाला द्या. सुई वर, आर्म स्टँडवर आणि ॲम्प फोनोवर ठेवून आवाज हळूहळू वाढवा. तो नेहमीच्या ऐकण्यापेक्षा जरा जास्त, पण बेताचाच ठेवा. जोडणी बदलायची तर दर वेळी आधी आवाज शून्यावर आणि ॲम्प बंद. चालू ॲम्पमधून आरसीए पिन उपटली की जो धडाका होतो त्यात स्पीकरचा जीव जाऊ शकतो.

फोनोवरून ऑक्सवर गेल्यावरही घूं तेवढीच राहते का? मग टर्नटेबल निर्दोष आहे, ॲम्प किंवा त्याला जोडलेलं काहीतरी दुसरंच तपासा. केबल टीव्हीची किंवा डिशची कोॲक्स केबल सेटटॉप बॉक्समार्गे त्याच ॲम्पला येत असेल तर तो पहिला संशयित. तिला स्वतःचं एक ग्राउंड असतं, इमारतीच्या गच्चीवरून आलेलं.

सुई रेकॉर्डवर असतानाच घूं येते, वर केली की जाते? ती ग्राउंडची घूं नसते. स्पीकरचा हादरा टेबलातून सुईपर्यंत पोचतोय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय.

आर्मला बोट लावल्यावर घूं कमी होते? आर्मला रस्ता नाही. मोटरच्या किंवा पत्र्याच्या उघड्या स्क्रूला बोट लावल्यावर कमी होते? त्या भागाला नाही. या एका चाचणीने निम्मी प्रकरणं तिथल्या तिथे कळतात.

एकाच स्पीकरमधून घूं? मग काळ्या वायरीचा नाद सोडा. त्या चॅनेलच्या परतीच्या वायरीत खोट आहे. कार्ट्रिजमागे चार बारीक वायरी असतात: पांढरी डाव्याची, निळी डाव्याची परतीची, लाल उजव्याची, हिरवी उजव्याची परतीची. डावीकडे घूं असेल तर निळी, उजवीकडे असेल तर हिरवी. तिची क्लिप सैल झाली असेल, नाहीतर आरसीए पिनेच्या आत जाळीचा डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, सुटला असेल. क्लिपा चिमट्याने हलक्या हाताने बसवा. त्या वायरी केसासारख्या असतात, तुटली तर रडू येतं.

आणि आवाजाचा पोत ऐका. गुळगुळीत, खोल घूं म्हणजे ५० हर्ट्झ, ग्राउंडचा किंवा चुंबकीय क्षेत्राचा विषय. चरचरीत, करवतीसारखी चर्रर्र असेल तर उठून पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर विजेची लाट मध्येच कापतात आणि त्या कापण्याचा कचरा फोनोत येतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद, यावर अजून तरी मला दुसरा स्वस्त उपाय सापडलेला नाही. मे महिन्यात शास्त्रीय संगीताची मोठी रेकॉर्ड ऐकायची असेल तर घाम आणि चरचर यांत निवड करावी लागते.

मग मीटर

डेक उलटा करायच्या आधी फिरणारी तबकडी काढा, हेडशेल (कार्ट्रिज बसवलेला आर्मचा पुढचा सुटा तुकडा) किंवा कार्ट्रिज काढून ठेवा, आर्मच्या मागचं वजन काढा, आर्म स्टँडला बांधा. नवशिक्यांच्या हातून सुया मरतात त्या रेकॉर्ड वाजवताना कमी आणि डेक उलटा करताना जास्त. हेडशेल काढण्याला आणखी एक कारण आहे. कार्ट्रिज लावलेलं असेल तर मीटरला त्याच्या कॉइलमधून रस्ता दिसतो आणि वाचन फसवं येतं. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजच्या कॉइलमधून मीटरचा करंट मुळीच जाऊ देऊ नये.

डेक ॲम्पपासून आणि भिंतीपासून पूर्ण सुटा करा. मीटर कंटिन्युइटीवर, बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. काळी वायर असलेल्या डेकमध्ये असं दिसायला हवं:

- काळी वायर आणि टोनआर्मची नळी: बीप.
- काळी वायर आणि पत्रा, मोटरचा सांगाडा: बीप.
- डाव्या आणि उजव्या आरसीए पिनेच्या बाहेरच्या कड्या एकमेकींशी: बीप नाही.
- कुठलीही बाहेरची कडी आणि काळी वायर: बीप नाही.

पहिल्या दोनांत बीप आली नाही तर रस्ता तुटलाय. शेवटच्या दोनांत आली तर दुसरा रस्ता आहे. वायर नसलेल्या डेकवर डाव्या पिनेची कडी आणि आर्म यांच्यात बीप आली, उजव्याची नाही, तर ते रेगा पद्धतीचं. हात लावू नका. दोन्ही कड्या एकमेकींशी आणि पत्र्याशीही जोडलेल्या निघाल्या, तर ते मूळचं डिन असून कोणीतरी नंतर पिना बदलल्यात. कशाशीच काही जोडलेलं नसेल तर वायर हरवली आहे आणि ती तुम्हाला घालायची आहे.

इथे एक गंमत सांगतो, जिच्यापायी माझा एक रविवार गेला. टोनआर्मच्या ॲल्युमिनियम नळीवर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहून नेत नाही. मीटरचं टोक नळीवर कितीही दाबलं तरी बीप येत नाही आणि आपण धडधाकट आर्म उघडायला घेतो. हेडशेल अडकवायच्या गोल कॉलरच्या आतल्या कडेवर किंवा एखाद्या उघड्या स्क्रूवर टोक टेकवा. पत्र्याचंही तसंच, रंगावर नव्हे तर स्क्रूच्या डोक्यावर.

माझ्या डेकच्या पोटात काय निघालं

खालचं झाकण काढलं तर कोपऱ्यात छोटी टॅग-पट्टी, त्यावर पाच टॅग. आर्ममधून आलेल्या केसासारख्या वायरी एका बाजूने, बाहेर जाणारी केबल दुसऱ्या बाजूने. निळी आणि हिरवी ज्या दोन टॅगांवर होत्या, ते एका उघड्या तारेने एकमेकांना जोडलेले आणि तीच तार पुढे तिसऱ्या टॅगवर गेलेली. तो टॅग रिव्हेटने पत्र्यावर ठोकलेला, आर्मची ग्राउंड वायरही त्याच्यावरच. म्हणजे शुद्ध डिन पद्धत. कधीतरी कुणी दुरुस्तीवाल्याने डिनची केबल कापून आरसीए पिनांची लावली आणि आतलं तसंच ठेवलं. तेवढ्याने काही बिघडलं नसतं, पण रिव्हेट आणि टॅग दोन्ही गंजलेले. मीटरचं एक टोक टॅगवर आणि दुसरं पत्र्यावर ठेवलं तर आकडा चाळीसवरून बारावर, बारावरून एकदम अनंतावर उड्या मारत होता. आर्मच्या वायरीचा डागही त्या टॅगवर भुरभुरीत झालेला. बोट लावल्यावर घूं का कमी होत होती ते उलगडलं, आणि भिंतीतलं अर्थ जोडल्यावर का वाढली तेही.

गंज साफ करून, नवा डाग देऊन भागलं असतं. मी जरा पुढे गेलो, कारण आता पिना आरसीएच्या होत्या. दोन परतीच्या टॅगांना जोडणारी उघडी तार काढून टाकली, म्हणजे डावा-उजवा एकमेकांपासून आणि पत्र्यापासूनही सुटे झाले. रिव्हेटशेजारी पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, तिथल्या एका स्क्रूखाली दातेरी वॉशर घालून नवा टॅग बसवला, आर्मची वायर त्यावर आणली आणि तिथूनच एक नवी काळी वायर केबलसोबत बाहेर काढली. मोटरचा सांगाडा रबरी बुशांवर तरंगत होता, म्हणजे पत्र्याशी त्याचा संबंधच नव्हता. त्यालाही एक छोटी वायर त्याच टॅगवर दिली. मग वरच्या चारही चाचण्या पुन्हा. चारही बरोबर आल्यावरच झाकण लावलं.

डाग देताना आर्मच्या वायरींवर सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. त्यांचं इन्सुलेशन लगेच मागे पळतं.

वायर घालायची आणि जोडायची

सामान फार लागत नाही. मीटर-सव्वा मीटर लवचिक, अनेक तारांची वायर, ०.५ किंवा ०.७५ चौरस मिलिमीटरची. एक यू थिंबल, दोन क्रोकोडाइल क्लिपा, बारीक पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचे इअरबड. पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं किरकोळीत मिळतं. "टर्नटेबलची ग्राउंड वायर" असं मागितलंत तर दुकानदार बुचकळ्यात पडेल, साधी फ्लेक्सिबल वायर आणि थिंबल मागा.

कायमचं काही करण्याआधी तात्पुरतं जोडून ऐका. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली वायर घ्या, एक टोक ॲम्पच्या जीएनडीला. ॲम्प चालू करा, आवाज मघाइतकाच. दुसरं टोक आधी आर्मच्या बुडाशी उघड्या धातूला, मग पत्र्याच्या स्क्रूला, मग मोटरच्या सांगाड्याला असं एकेक टेकवत जा. आरसीए पिनांना हात लावायचा नाही, त्यामुळे धडाक्याची भीती नाही. मेनच्या टर्मिनलांच्या आसपास मात्र क्लिप घेऊन फिरायचं नाही, म्हणजेच ही चाचणी झाकण लावलेल्या, सरळ ठेवलेल्या डेकवरच. जिथे टेकवल्यावर सर्वांत शांत होतं ती तुमची जागा. दोन जागी टेकवल्यावर दोन्ही वेळा थोडं थोडं कमी झालं, तर ते दोन भाग एकमेकांपासून तुटलेत. त्यांना आधी आतून एकत्र आणा, मग एकच वायर बाहेर काढा.

ॲम्पवर जीएनडी स्क्रू नसेल तर मागच्या पत्र्यावरचा फोनो जॅकजवळचा एखादा स्क्रू किंचित सैल करून थिंबल त्याखाली द्या. खाली रंग असेल तर खरवडा. ट्रान्सफॉर्मर धरून ठेवणारे स्क्रू सोडून दुसरा घ्या. फोनो प्रीॲम्पचा डबा प्लॅस्टिकचा असेल तर आरसीए जॅकची बाहेरची कडी हेच त्याचं ग्राउंड.

वायर आरसीए केबलच्या सोबतच न्या, तिला मोठा वळसा देऊन भिंतीमागून फिरवू नका. आणि मेनच्या केबलपासून दोघींनाही लांब ठेवा. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात.

सगळं केलं, तरी घूं आहे

प्लग टू-पिन असेल तर तो उलटा लावून बघा. जुन्या मोटरमधून पत्र्यावर किंचित गळती होतच असते आणि एका दिशेने ती दुसरीपेक्षा कमी असते. कमी घूंच्या दिशेला प्लगवर टिकली किंवा मार्करची खूण करून ठेवा.

आर्म हाताने रेकॉर्डच्या मध्याकडे नेताना घूं वाढत गेली, तर मोटरचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये शिरतंय. वायरीने हे जाणार नाही. शिल्डिंग नसलेलं कार्ट्रिज आणि जुनी ताकदवान एसी मोटर यांचं पटत नाही, कार्ट्रिज बदलावं लागतं. आर्म कुठेही असला तरी डेक जागेवरून उचलल्यावर घूं बदलते? मग खाली किंवा शेजारी ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर आहे. हातभर बाजूला सरकवा. शोकेसच्या एकाच कप्प्यात ॲम्पवर टर्नटेबल ठेवलेली घरं मी बरीच पाहिलीत, आणि तिथे ग्राउंड वायर चार वेळा बदलून झालेली असते.

काही कार्ट्रिजांच्या मागे एका परतीच्या पिनेवरून धातूची बारीक पट्टी अंगावर दुमडलेली असते. धातूचं हेडशेल असेल तर तिच्यामुळे आर्म त्या चॅनेलच्या ग्राउंडला जोडला जातो, आणि तुमची काळी वायर हा दुसरा रस्ता होतो. हेडशेलशिवाय चारही चाचण्या बरोबर आणि हेडशेल लावल्यावर घूं, असं असेल तर भिंगाने ती पट्टी शोधा.

यूएसबीने लॅपटॉपवर रेकॉर्ड उतरवून घेताना घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेली? मग लूप चार्जरच्या थ्री-पिनमधून होता.

आणि एकदा घरातल्या बोर्डाचाही संशय घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत थ्री-पिनचं वरचं मोठं भोक बऱ्याचदा शोभेचं असतं, मागे वायरच नसते. ॲम्पच्या पत्र्यावरची गळती मग कुठेच जात नाही आणि सगळ्या सिस्टिमवर तरंगत बसते. हे काम मात्र इलेक्ट्रिशियनकाकांचंच, आणि या वेळी ते म्हणतील ते शंभर टक्के बरोबर असेल.

हेडशेलच्या चार पिना आणि आर्ममधले त्यांचे चार ठिपके अल्कोहोलच्या इअरबडने पुसून घ्या, थिंबलवरचा स्क्रू बोटाने पिळून घट्ट करा. आता सुई वर ठेवून आवाजाचं बटण मुद्दाम नेहमीच्या दीडपट फिरवा. स्पीकरला कान लावल्यावर पावसाळी हवेसारखा बारीक शीऽऽ येईल आणि त्याच्या तळाशी घूंची अगदी पुसट सावली. तो शीऽऽ फोनो स्टेजचा स्वतःचा, तो कुठल्याही वायरीने जात नाही. नेहमी बसता त्या जागी जाऊन बसा. तिथे काहीच ऐकू येत नसेल तर आवाज खाली आणा आणि रेकॉर्ड लावा.